एका नावाचे दोन धनी

आमच्या बेळगावच्या वाड्यात दोन अण्णा होते. एक माझे काका, दुसरे नंतर आलेले भाडेकरू. आजीनं "अण्णा, चहा!" अशी हाक मारली की जिन्याजवळ राहणारे भाडेकरूच आधी पोचायचे आणि काका वाट बघत बसायचे. शेवटी भाडेकरूच म्हणाले, "आक्का, मला आडनावानं हाक मारा. अण्णा तुमचे."

हे मला गेल्या वर्षी आठवलं. मंडळाच्या ई-अंकाचं पान माझ्याकडे आलं होतं. त्यावर एका माजी विद्यार्थिनीनं, आमच्या ताईनं, जुन्या हस्तलिखित अंकांच्या मुखपृष्ठांची फिरती चित्रमाला केली होती. त्यासाठी तिनं 'प्रोटोटाइप' ही लायब्ररी वापरलेली. मी 'रोज एक कविता' दाखवायला जेक्वेरी जोडली. कविता दिसली, पण चित्रमाला बंद पडली. प्रकाशनाला दोन दिवस उरलेले. मी ताईला फोन केला, "तुझा कोड जुनाट झालाय. काढून टाकतो."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला पटेल तसं कर बाबा."

रात्री काढायला बसलो, तेव्हा कुठं एरर नीट वाचली. दोन्ही लायब्रऱ्या आपल्या मुख्य फंक्शनला डॉलरचं चिन्ह हेच नाव देतात. नंतर लोड होईल तिच्याकडे ते नाव जातं. ताईचा कोड डॉलर म्हणून प्रोटोटाइपला हाक मारत होता आणि ओ देत होती माझी जेक्वेरी! कोड जुना होता, पण मोडका नव्हता. मोडला होता मी.

उपाय जेक्वेरीतच होता, 'नोकॉन्फ्लिक्ट'. ती लोड झाल्याबरोबर ही एक ओळ लिहिली की डॉलर पहिल्या धन्याला परत मिळतो आणि जेक्वेरीला पूर्ण नावानं बोलवायचं. माझा सगळा कोड मी एका फंक्शनमध्ये घातला. त्याच्या आत डॉलर माझा, बाहेर ताईचा.

तरी चित्रं उड्या मारत होती. मी 'क्रमांक' हे व्हेरिएबल जाहीर न करताच वापरलं होतं, त्यामुळे ते ग्लोबल होऊन पानभर मोकाट फिरत होतं. ताईच्या चित्रांचा क्रमांकही त्याच नावाचा. माझ्या 'क्रमांक'आधी 'लेट' लिहिलं, तसं ते फंक्शनच्या आत गप्प बसलं.

सकाळी फोन केला. "ताई, चूक माझीच होती. तुझ्या कोडची नव्हती."

"होय की? मग चित्रमाला राहिली?"

"राहिली. आणि खाली तुझं नाव नव्हतं, तेही घातलंय."