कुक्षीच्या वाटेवर दुसरी बॅटरी

एप्रिल महिन्यात निमाडात शिरणे शहाणपणाचे नव्हे, असे आम्हांस पुष्कळांनी सांगितले होते. परंतु आमच्या गावच्या एका सेवानिवृत्त गुरुजींना बाघची लेणी पाहण्याची जुनी आस, आणि त्यांच्या पुतण्याने जुनी व्हॅन घेऊन, परिवहन कार्यालयाची संमती मिळवून, तिचे फिरते घर स्वतःच्या हातांनी केलेले. मग कोण थांबणार? पास्काचा सण आटोपताच धुळे, सेंधवा, बडवानी अशा मजला मारीत आम्ही नर्मदेचा पूल ओलांडला आणि कुक्षीस पोहोचलो.

कुक्षी हे धार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. धारच्या पवारांच्या संस्थानातला हा एक परगणा असल्यामुळे मराठी माणसाला येथे अगदीच परके वाटत नाही. भोवताली कापूस व मिरची. बाजारात भिल्ल आणि भिलाला बायाबापड्यांची दाटी. नदीच्या अंगाला निसरपूर आणि चिखलदा ही भरली गावे होती. 2019 साली सरदार सरोवर प्रथमच काठोकाठ भरले तेव्हा पाणी त्यांच्या घरादारांत शिरले. त्या काठी उभे राहून गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

गुरुजींना मधुमेह आहे. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश उष्णतेत ठेवावे लागते. ते गोठूनही चालत नाही. बाहेर पारा चाळिशीपलीकडे. तेव्हा गाडीत लहानसा फ्रीज हवा, आणि गाडी उभी असतानाही तो चालावा म्हणून दुसरी बॅटरी हवी. आम्ही विचारले, इंजिनाची बॅटरी आहे, तिच्यावर का भागू नये? पुतण्या हसला. “फादर, ती बॅटरी म्हणजे बियाण्याचं भात. ते शिजवायला काढायचं नसतं.”

वाचकांनी हा भेद ध्यानी घ्यावा. इंजिनाची बॅटरी क्षणभर मोठा जोर लावून सेल्फ फिरविण्यासाठी घडविलेली असते. तिच्यातून रात्रभर थोडे थोडे ओढीत राहिले तर तिच्या पातळ पट्ट्या लवकर निकामी होतात, आणि पहाटे गाडी चालू होत नाही ते निराळेच. घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती ट्युब्युलर बॅटरी मात्र संथ व दीर्घ कामासाठीच असते. त्याने तसलीच, शंभर अँपिअर-तासांची, मागच्या बाकाखाली पट्ट्याने आवळून बसविली होती. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून पेटीला बाहेर जाणारी नळी. आणि तारेचे दोन्ही शेवट बॅटऱ्यांना भिडतात म्हणून दोन्हीकडे, अगदी धन टोकाजवळ, एकेक फ्यूज. मधला रिले इंजिन चालू होऊन दाब साडेतेरा व्होल्टच्या आसपास गेला की दोन्ही बॅटऱ्या जोडतो, आणि इंजिन बंद होऊन दाब उतरला की त्यांना विलग करतो. (अगदी नव्या गाड्यांचे अल्टरनेटर आपला दाब आपणच कमीजास्त करतात, तेथे साधा रिले पुरत नाही, निराळा चार्जर लागतो.)

हिशेब त्याने वहीत मांडला होता. बारा व्होल्टांनी शंभर अँपिअर-तास म्हणजे बाराशे वॅट-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्मेच वापरावे, म्हणजे सहाशे. फ्रीजला बारा तासांचे सुमारे 240, पंख्याला रात्रभराचे 144, दिव्यांना 40. एक रात्र सुखाने निघते. दुसऱ्या दिवशी गाडी चालवावी, नाहीतर घरची वीज जोडावी.

आम्ही एका परिचित गृहस्थांच्या खळ्यात उतरलो होतो. पहिली रात्र बरी गेली. सकाळी त्यांच्या घरून वीज घेतली. तासाभरात ती गेली आणि दिवसभर आलीच नाही. नदीकाठी आम्ही त्यांच्याच जीपने जाऊन आलो, गाडी जागची हलली नाही. सायंकाळी मीटर 12.2 व्होल्ट दाखवीत होता, म्हणजे निम्मी बॅटरी सरली होती. यजमानांचा फ्रीजही बंदच.

पुतण्याने पंखा बंद केला, दिवे बंद केले. गुरुजी म्हणाले, “अरे, आजची रात्र राहू दे तो फ्रीज. बॅटरी बिघडेल तुझी.”

“काका, एखादे वेळी निम्म्याखाली गेली तर तिचं आयुष्य थोडं घटेल, एवढंच. तुमचं औषध बिघडलं तर इथं कुठं शोधत फिरू?”

इंजिन थोडा वेळ चालवावे असे आम्ही सुचविले. परंतु खळ्यात यजमानांची मुले बाजा टाकून निजली होती. धूर त्यांच्या अंगावर गेला असता. तेव्हा ते राहिले. निमाडातील ती रात्र पंख्याविना कशी काढली याचे वर्णन नको. मध्यरात्री गुरुजी उठून फ्रीजला कान लावून आले. घुरघुर चालू होती.

पहाटे मीटर बारावर उतरला होता. पुतण्याने किल्ली फिरविली. पहिल्याच सेल्फला इंजिन लागले. पुढच्या बॅटरीतला कण न् कण शाबूत होता. थोड्याच वेळात रिले टक् करून जुळला आणि मीटरचा आकडा वर चढू लागला. लेणी तेथून सुमारे वीस किलोमीटर. एवढ्याशा वाटेने बॅटरी भरत नाही, शेवटचा पाचवा हिस्सा तर फारच सावकाश भरतो, हे आम्हांस त्याने वाटेत सांगितले; म्हणून परतताना धारपर्यंत न थांबता जावयाचे ठरले. गुरुजी मागच्या बाकावर बसून इन्सुलिनची कुपी उजेडात धरून पाहत होते.