मातीची जबानी

वैशाखातील ऊन चढण्यापूर्वी काम आटोपावे म्हणून मी पहाटेच मलकापुरास पोहोचलो, तेव्हा आगाशिवाच्या डोंगराची कड नुकती उजळू लागली होती आणि पुणे-बंगळूर हमरस्त्यावर मालमोटारींची वर्दळ सुरू झाली होती. त्या रस्त्यालगत मोटारींच्या दुरुस्तीचे एक जुने, आता बंद पडलेले आवार होते. तेथे इंधनाची लोखंडी टाकी कैक वर्षे जमिनीत पुरलेली होती, आणि ती गळली किंवा कसे, हे मातीला व तिच्याखालच्या पाण्याला विचारून घेणे माझ्याकडे सोपविलेले होते. या व्यवसायात केस पांढरे झाल्यावर माझी अशी दृढ श्रद्धा झाली आहे की, नमुना घेणे म्हणजे जबानी घेणे होय. आणि जबानी घेणाऱ्याने साक्षीदाराच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले, तर पुढे कितीही निष्णात न्यायाधीश बसला तरी न्याय होत नाही.

कोयनाकाठची काळी माती उन्हाळ्यात तडकते, वर सांडलेले तेल त्या भेगांतून हात-दोन हात खाली उतरते, आणि पावसाने माती फुगून भेगा मिटल्या की जमिनीचा चेहरा पुन्हा निरपराध दिसू लागतो. म्हणून वरची 15 सेंटिमीटर माती निर्मळ निघाली एवढ्यावर मी कधी थांबत नाही. त्या दिवशी गिरमीट दीड मीटर उतरले, काळी संपून मुरूम लागला, आणि एरवी तांबूस-पिवळा असणारा तो मुरूम पात्यावर करडा होऊन आला; त्याला जुन्या डिझेलचा मंद वास होता. अशी माती घमेल्यात कालवायची नसते, कारण कालवताना जे उडून जाते तेच नेमके शोधायचे असते. ती तत्काळ काचेच्या बाटलीत दाबून भरावी, झाकण घट्ट लावावे आणि बाटली बर्फात ठेवावी. मग गिरमीट साबणाने, साध्या पाण्याने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे. नाहीतर एका छिद्राचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी बसतो.

पाण्याची जबानी याहून बिकट. आपल्या काळवत्री दगडात पाणी सांध्यांतून, फटींतून आणि सच्छिद्र थरांतून वाट काढीत जाते; म्हणून निदान तीन विंधनछिद्रांतील पातळ्या ताडून पाहिल्यावाचून ते कोणत्या दिशेस निघाले आहे हे सांगू नये. उमेदवारीच्या काळात, दुसऱ्या एका गावी, केवळ घाईपायी मी नळीत साचलेले पाणी उपसून न टाकताच बाटली भरली. त्यातील बाष्पशील द्रव्ये केव्हाच उडून गेली होती; पाणी निर्दोष ठरले, आणि शेजारच्या घरातील माणसे आणखी एक हंगाम तेच पाणी प्याली. ती रुखरुख अजून गेलेली नाही. तेव्हापासून उपसलेल्या पाण्याचे तापमान, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत मी बाटलीस हात लावीत नाही.

आवाराच्या उताराला एक जुनी विहीर होती. तिच्या मालकांनी मोट बंद पडल्यापासूनची तिची हकीकत सांगितली आणि ते म्हणाले, "हिरीकडं आता कोण बघतंय साहेब, नळाला चोवीस तास पाणी असतंय." मीटर लावून चोवीस तास पाणी देणारे नगर म्हणून मलकापूरचे नाव राज्यभर झाले, आणि ते योग्यच झाले, परंतु ज्या विहिरीचे पाणी कोणी पीत नाही, तिच्या बिघाडाची वर्दी देणारेही कोणी उरत नाही. मी पोहरा वर घेतला तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "पर चांगलं हाय का पाणी?" मी म्हणालो, "आबा, आज मी नुसतं ऐकून घेतलंय. प्रयोगशाळा काय म्हणते ते मीच येऊन सांगेन."

जमीन असा बिघाड दीर्घकाळ पोटात ठेवू शकते; भोपाळच्या कारखान्याचे आवार 1984 च्या दुर्घटनेनंतरही दशकानुदशके आपले विष जमिनीत बाळगून राहिले. दूषित स्थळांसाठी केंद्र शासनाने स्वतंत्र नियम केले ते 2025 साली. परंतु कोणत्याही नियमाचा अंमल अखेर बाटलीवरच्या चिठ्ठीशी येऊन ठेपतो: स्थळ, खोली, तारीख, वेळ, सही; पेटीवर मोहोर; आणि पेटी ज्याच्या ज्याच्या सुपूर्द झाली त्याची फर्द. या साखळीचा एक दुवा निखळला की जबानी खरी असूनही कवडीमोल ठरते.

पेटी गाडीत चढल्यावरही एक काम उरते. मी पाडलेली छिद्रे उघडी राहिली, तर वरची घाण त्याच वाटेने थेट पाण्यात उतरावयाची. म्हणून प्रत्येक छिद्रात बेंटोनाइट ओतून वर पाणी सोडावे लागते. तीही मातीच, आणि आमच्या काळ्या मातीसारखीच पाणी पिऊन फुगणारी. ती फुगून छिद्राच्या कडांना भिडेपर्यंत मी तेथे बसून राहिलो, आणि मगच गिरमीट उचलले.