एक अक्षर कमी

माणसाला एखादा छंद असावा, असं सांगणारी मंडळी बहुधा एकेकटी राहणारी असावीत. दोन खोल्यांत चार माणसं राहत असली की छंद हा पाचव्या माणसाइतकी जागा खातो आणि भाडं मात्र देत नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. माझा छंद तर वजनदारही आहे. मी जुने खिळे गोळा करतो.

हे कळल्यावर आमच्या मेव्हण्यांनी मला दिवाळीत हातोडी दिली. तेव्हा खुलासा केलेला बरा. हे खिळे म्हणजे छापखान्यातले टाइप. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या रसातून ओतलेली, बोटाच्या पेराएवढी कांडी आणि तिच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा आणि लग्नपत्रिकेपासून पंचांगापर्यंत सगळं त्यातूनच बाहेर पडायचं. पुढे ऑफसेट आलं, संगणक आले आणि मराठी भाषा किलोवर विकली गेली.

तिचे अवशेष पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात. हा बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. यातच पुणं आलं. बुधवारी मी बँकेत असतो, म्हणून रविवार गाठतो.

मी बी. कॉम. आहे. कॉलेजात आम्हांला घसारा शिकवला होता. वस्तू जुनी झाली की तिची किंमत दरसाल कमी कमी होत जाते. जुन्या बाजारात हा धडा कोणी वाचलेला नाही. खिळे ठेवायची खणाखणांची लाकडी केस तिथं रिकामी असली तर ती 'अँटिक' असते, कारण लोक ती भिंतीवर टांगून खणांत पितळी हत्ती ठेवतात. तीच खिळ्यांनी भरलेली असली की भंगार. अक्षरं काढून टाकल्याशिवाय वस्तूला भाव येत नाही, हे मला त्या बाजारानं शिकवलं.

दुसरा धडाही तिथलाच. एकदा एका पथारीवर मला कंपोझिंग स्टिक दिसली. ओळ जुळवताना जुळारी डाव्या हातात धरतो, ते लोखंडी साधन. विक्रेता म्हणाला, "इंग्रजांच्या काळातली फूटपट्टी आहे साहेब, दीडशे." मी मूर्खासारखा त्याला ती काय आहे, कशी धरतात, हे समजावून सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग अडीचशे." ज्ञानाची किंमत बरोबर शंभर रुपये असते.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. आमचे अण्णा जुळारी होते. नारायण पेठेतल्या एका लहान छापखान्यात त्यांनी तीस वर्षं उभ्यानं काढली. देवाच्या खालोखाल ते जावजी दादाजींचं नाव घेत. मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणारे ते हेच. त्या टाइपाच्या वळणाबद्दल अण्णा बोलू लागले की आमटी निवायची. १९९६ साली अण्णांचा छापखाना बंद झाला. खिळ्यांची पोती त्यांनी स्वतः भरून काट्यावर चढवली. घरी आले आणि हात धुवायला बसले. शिशाचे हात धुतल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नियमच होता. पण त्या दिवशी ते फारच वेळ हात धूत होते. त्यानंतर खिळे हा शब्द आमच्या घरात भिंतीपुरताच उरला. अजून कुणाची पत्रिका आली की ते आधी शुद्धलेखन तपासतात आणि चुकीगणिक आहेराची रक्कम कमी करतात.

यंदा त्यांना ८१ वं लागलं. हजार पौर्णिमांचे दिवस ३६५.२५ नी भागले की साधारण ८० वर्षं १० महिने येतात, म्हणजे सहस्रचंद्रदर्शन आलं. मी ठरवलं, पत्रिकेवरचा मथळा खिळ्यांनीच छापायचा. पेठेतल्या एका छापखान्यात पावत्यांवर नंबर मारण्यापुरतं ट्रेडल मशीन अजून चालू आहे. मालक म्हणाले, "छापून देतो, पण खिळे तुम्ही आणा." अण्णांना मात्र पत्ता लागू द्यायचा नव्हता.

मराठीत अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रे धरून खिळ्यांचे प्रकार काही शेकड्यांत जातात. त्यांतून एकाच मापाची अक्षरं वेचायची. मी बुटाच्या खोक्यात खिळे आणि वहीत जमाखर्च ठेवू लागलो. सहा महिन्यांत स, ह, चं, द्र, द, र्श, न सगळे जमा झाले. स बारा होते. त्यांतला एक खराब निघाला, तो मी बुडीत म्हणून काड्याच्या पेटीत टाकला. फक्त 'स्र' मिळेना.

"अर्धा स आणि त्र घ्या की," विक्रेते म्हणायचे. "सगळे सहस्त्रच लिहितात."

खरंच लिहितात. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर सहस्त्रच असतं. पण 'सहस्त्र' छापलेली पत्रिका पाहून अण्णा स्वतःच्या कार्यक्रमाला आले नसते.

"अहो, हे खोकं एक तर तुम्ही हलवा, नाही तर मी मोडीत घालते," अशी घरातून अंतिम सूचना मिळाली. त्या रविवारीही मी रिकाम्या हातानं परतलो. पाहतो तर अण्णा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेले. पुढ्यात माझं खोकं. डाव्या हातात स्टिक, चष्मा खिशात. उजव्या अंगठ्यानं खिळ्याची खाच चाचपून ते एकेक खिळा आत बसवत होते. बोटं सरावानं चालली होती. मधली एवढी वर्षं फक्त आमची गेली असावीत.

"कुणाचं आहे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुमचंच, अण्णा."

"हं. मग स्र कुठाय?"

"मिळत नाही. सहा महिने शोधतोय."

त्यांनी काड्याची पेटी तळहातावर उलटी केली. त्या खिळ्यावरून एकदा बोट फिरवलं.

"हा काय."

"तो खराब स आहे, अण्णा. ओतताना त्याला काहीतरी चिकटलंय."

"चिकटलेलं नाही, तो र आहे. अक्षर उलटं वाचता यावं लागतं."

बुडीत म्हणून काढलेली रक्कम वसूल झाली तर ती कोणत्या खात्यात जमा करायची, हे मला बँकेत झोपेतही सांगता येईल. घरी मात्र काही सुचेना. मी वही मिटली.

अण्णांनी स्र बसवला, स्टिक उजेडाकडे तिरकी धरली आणि चष्मा लावून ओळ पाहिली. मी शाबासकीची वाट पाहत होतो.

"न दुसऱ्या वळणाचा आहे," ते म्हणाले. "हा चालणार नाही. बाजार कधी असतो म्हणालास?"

"बुधवारी आणि रविवारी."

"मग बुधवारी रजा टाक. मी येतो. आणि आधी हात धू."