नळाला हात लावा

७ नोव्हेंबरला आम्ही साताऱ्यातल्या एका वस्तीत, विहाराच्या ओट्यावर एक नळ मांडला. साधा पितळी नळ, फळीवर ठोकलेला. खाली तांब्याचा तांब्या. पाण्याचं कनेक्शन नाही. नळाच्या मागून एक वायर, तांब्याच्या बुडाखालून दुसरी, दोन्ही एका आर्डुइनो बोर्डात आणि बोर्ड एका जुन्या लॅपटॉपला. एकाने नळ धरायचा, दुसऱ्याने तांब्याला हात लावायचा आणि दोघांनी मोकळ्या हातांनी एकमेकांचा हात धरायचा. मग माणसांच्या अंगातून सर्किट पूर्ण होतं आणि स्पीकरमधून नववीतल्या एका मुलीचा आवाज येतो. हात सुटला की आवाज बंद.

ती वाचते ते बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधल्या प्रसंगाचं मराठी. आम्हीच बसून केलेलं.

या दिवसाचं महत्त्व वाचकांना माहीत आहे. १९०० साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात चढलं. २०१७ पासून सरकारही हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. हार घालतात, भाषणं होतात. पण त्या शाळकरी पोराला नळाला हात लावता येत नव्हता, तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा लागे आणि शिपाई नसला तर तहानलेलंच राहावं लागे, हे त्या भाषणांमध्ये आम्ही फार कमी ऐकलं. म्हणून नळ.

आम्ही पाच जण. तिघं सांगलीकडचे, दोघं साताऱ्याचे. एक आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, एक डिप्लोमावाली, बाकीचे बी.ए. वगैरे. ‘न्यू मीडिया आर्ट’ हा शब्द आम्हाला मोबाईलवर भेटला. अमेरिकेत मायरन क्रुगरने सत्तरच्या दशकात प्रेक्षकाच्या सावलीवर चालणारी ‘व्हिडिओप्लेस’ ही खोली उभारली होती, हे तिथेच कळलं. मुंबईचा अमोल पाटील हलत्या यंत्रांतून आणि आवाजांतून जातीबद्दल बोलतो आणि २०२२ साली जर्मनीत कासलच्या डॉक्युमेंटापर्यंत पोचला, हे वाचलं तेव्हा मात्र आम्ही ताठ बसलो. आपल्या सांगली जिल्ह्यातला सोमनाथ वाघमारे कॅमेरा घेऊन ‘चैत्यभूमी’ बनवू शकतो, तर सोल्डरिंग गन आपल्याही घरात आहे. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीच्या राजाच्या आश्रयाने. वाटेगावच्या अण्णाभाऊंना कोणत्या राजाने आश्रय दिला होता?

आधी हा नळ आम्ही एका कॉलेजच्या टेक फेस्टसाठी केला होता. त्यांना आवडला. फक्त पाटीवरचा ‘जात’ हा शब्द काढा म्हणाले, ‘पाण्याची गोष्ट’ लिहा, विषय सर्वांचा होईल. आम्ही नळ उचलून घरी आणला. आमच्यातलेही काही नाराज होते. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, पोरं फेलोशिपसाठी रस्त्यावर बसतात आणि तुम्ही खेळणी करत बसलाय. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेला नाही. पण आंबेडकरी जलशांनी जेव्हा पेटी-ढोलकी घेतली तेव्हा ती खेळणीच होती का? वस्तीला समोर बसवून तिच्याशी बोलायचं साधन होतं ते. आमचा नळ त्या ढोलकीच्या पासंगालाही पुरणार नाही, हे कबूल.

आता खरी गोष्ट. आम्ही वाचून दाखवायला निवडला होता १९०१ च्या उन्हाळ्यातला मसूर स्टेशनचा प्रसंग. दुष्काळी कामावर खजिनदार असलेल्या वडिलांकडे साताऱ्याहून निघालेली पोरं, अंगात नवे कपडे, पायात नवे बूट. रेल्वेने त्यांना आणलं. तिकीट होतं, इंजिनाने काही विचारलं नाही. विचारलं स्टेशनमास्तरने. ‘महार’ हा शब्द ऐकला आणि त्याचा चेहराच बदलला. मग बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. डब्यात जेवण होतं, पाणी मात्र कुणी दिलं नाही. यावरून आम्ही भाषणात एक वाक्य ठोकायचो : यंत्र जात विचारत नाही, यंत्राजवळ उभा माणूस विचारतो. टाळ्या पडायच्या.

त्या दिवशी दुपारी एक आजी आल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात भांगलण केलेल्या. त्यांनी नळ धरला, नातीचा हात धरला, नातीने तांब्या. आवाज नाही. पुन्हा. नाही. नात आमच्यातल्या एकाबरोबर उभी राहिली, लगेच आवाज. आजी आपल्या तळहाताकडे बघत म्हणाल्या, “माझ्या हाताला न्हाई व्हय बोलत त्यो?”

ओट्यावर शांतता. कारण आम्हाला कळत होतं, सांगायला लाज वाटत होती. घट्टे पडलेल्या कोरड्या कातडीतून वीज फार कमी जाते. आम्ही सर्किटमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर टाकला होता आणि चाचणी घेतली होती आमच्या आपसांतल्या मऊ, घामट, मोबाईल चाळणाऱ्या हातांवर. आजींचा हात त्या हिशेबात धरलाच नव्हता. इथे स्टेशनमास्तर उभा नव्हता. नळानेच आजींना परत पाठवलं आणि तो बनवणारे आम्ही, निळे झेंडे घेऊन फिरणारे.

म्हणजे आमचं टाळ्यांचं वाक्य अर्धंच खरं होतं. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय संशोधिकेने तिमनित गेब्रूसोबत चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी व्यापारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. कुणी तिथे वाईट हेतूने बसलं होतं असं नाही. नमुन्याला कोण घेतलं, एवढाच प्रश्न. आणि लांब कशाला जायचं? रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा न उठणारी माणसं कोण असतात, ती कामं कोणती करतात, हे आपल्या प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. दोष मात्र अंगठ्याला दिला जातो.

त्या दिवशी तात्पुरता उपाय म्हणून आम्ही आजींचा हात ओल्या फडक्याने पुसायला निघालो होतो. डिप्लोमावालीने थांबवलं. हात नाही बदलायचा, म्हणाली, रेझिस्टर बदला. १० मेगाओहमचा साताऱ्यात संध्याकाळपर्यंत मिळाला नाही. मग १ मेगाओहमचे दहा एकामागे एक डकवले, गबाळं दिसत होतं, पण चाललं. (शॉक बसेल का, हे प्रत्येक जण विचारतो. नाही बसत. ५ व्होल्ट आहे, जाणवतही नाही.)

आजींना निरोप पाठवला. त्या जेवण करून आल्या, या वेळी शेजारणीला घेऊन, तिचेही हात तसेच. दोघींनी धरले. मुलीचा आवाज सुरू झाला आणि पोरांना पाणी मिळत नाही तिथपर्यंत त्या दोघींनी हात सोडला नाही. मग आजींनी विचारलं, पुढं काय झालं त्या पोरांचं. पुढचं आम्ही रेकॉर्डच केलं नव्हतं. ओट्यावर बसून तोंडीच सांगितलं.

पुढच्या महिन्यात नळ सांगलीला न्यायचा आहे. चाचणी या वेळी वीटभट्टीवर.