ऊब

दापोडीतील आमची खोली तळमजल्यावर असून तिची एकुलती एक खिडकी उत्तरेकडे उघडते. तेथून जवळच पवना मुळेला मिळते. उन्हाळ्यात नदीवरून येणारा वारा सुखवितो. परंतु पौष महिन्यात तोच वारा फटीफटींतून आत शिरतो आणि पायांखालची फरशी बर्फासारखी लागते. अशा या खोलीत मी उष्ण प्रदेशांतील पाहुणे आणून ठेवले आहेत. 60 लिटर पाण्याच्या काचपेटीत दोन एंजल मासे आणि काही गुरामी राहतात. एंजलांचे मूळ घर अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, तर गुरामींचे आग्नेय आशियात. थंडी कशाशी खातात, हे त्यांच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही!

बाहेर गारठा असला, तरी माणसाचे शरीर आपली 37 अंशांची ऊब राखून असते. यांचे तसे नाही. पाणी जितके थंड, तितकेच हे मासेही थंड. म्हणून पेटीत विजेचा छोटा हीटर असतो. पाणी 26 अंशांवर गेले की तो आपोआप बंद होतो आणि निवू लागले की पुन्हा सुरू होतो.

पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री वीज गेली. पहाटे उठून पाहतो, तो पारा 19 अंशांवर उतरलेला आणि मासे तळाशी निश्चल! मला राहवेना. चुलीवरचे तांब्याभर कढत पाणी मी तसेच पेटीत ओतले. मासे एकदम उसळले. त्यांना हुशारी आली, असे मला वाटले. दुपारी एक गुरामी उलटा होऊन पाण्यावर तरंगत होता.

शेजारचे काका एस. टी.च्या दापोडीतील कार्यशाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अहो, थंड इंजिन सुरू होताच कोणी ताणतं का? त्याला हळूहळू तापू द्यावं लागतं."

काकांचे ते शब्द मी विसरलो नाही. आता पेटीवर झाकण असते. कारण माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने उघड्या पेटीतलेही होते. वीज गेली की मी पेटीभोवती घोंगडी गुंडाळतो, गरम पाण्याच्या बाटल्या घट्ट बूच लावून आत तरंगत ठेवतो आणि तापमापकाकडे पाहत बसतो. पारा तासाला जेमतेम अंशभर चढतो. पहाटे केव्हातरी एखादा कल्ला हलतो, एखादा मासा तळ सोडून वर येतो.

दुसऱ्याचे दुःख पाहून आपले मन कळवळते. ते दुःख या क्षणी नाहीसे व्हावे, अशी आपल्याला घाई होते. पण ती घाई बहुधा आपल्याच मनाच्या शांतीसाठी असते. त्या गुरामीला मारले ते थंडीने नव्हे. माझ्या उतावीळ दयेने. ऊब द्यायची, तर घेणाऱ्याला सोसेल अशा बेताने द्यावी, आणि तोवर त्याच्याजवळ जागत बसावे.