पंखा बंद ठेवून

ऐन मे महिन्यातही आमच्या सायटोजेनेटिक्स लॅबमधला पंखा दुपारी बंद असायचा. डार्करूममधून आलेल्या फोटोतली ४६ गुणसूत्रं बारीक कात्रीनं कापून टेबलावर पसरलेली असत. एखादं वाऱ्यानं उडालं, की बसा टेबलाखाली रांगत. चिमट्यानं उचलायचं, जोडी लावायची, डिंकानं पुठ्ठ्यावर चिकटवायचं, की झाला कॅरिओटाइप. बर्किट लिम्फोमा या कर्करोगाची शंका असली की नजर आधी ८ आणि १४ कडे. १४ चं टोक लांबलेलं आणि ८ चं तुटलेलं दिसलं, की घामाचं चीज व्हायचं.

अर्थात पेशी जिवंत आल्या तर! थिएटरमधून कुणी सवयीनं गाठ फॉर्मलिनमध्ये टाकून पाठवली, की संपलं. मेलेली पेशी विभागत नाही आणि विभागणी पकडल्याशिवाय गुणसूत्रं दिसत नाहीत. आता त्याच फॉर्मलिनवाल्या गाठीच्या मेणाच्या ब्लॉकचा पातळ काप 'फिश' चाचणीला पुरतो. मिक जनुकाच्या दोन बाजूंना चिकटणारे डीएनएचे चमकते तुकडे, म्हणजे प्रोब: एक लाल, एक हिरवा. जनुक शाबूत असेल तर दोन्ही मिळून पिवळा ठिपका, तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा भलतीकडे.

सोय मोठीच आहे. डार्करूमच्या वासासाठी गळा काढणाऱ्यांतली मी नव्हे. पण फिश विचाराल तेवढंच सांगतं. १९७२ मध्ये स्वीडनमध्ये मानोलोव्ह दांपत्याला बर्किटच्या पेशींत १४ वर एक जादा पट्टा दिसला, तो काही कुणी प्रोब लावून शोधलेला नव्हता. तो ८ वरून आलाय हे कळायला १९७६ उजाडलं आणि १९८२ मध्ये त्या तुकड्यावरचं मिक सापडलं. अँटिबॉडी घडवताना बी-पेशी स्वतःचा डीएनए कापून जोडत असते. त्या कापाकापीत चूक झाली, की मिक जाऊन बसतं १४ वरच्या अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी. अँटिबॉडीचं जनुक सतत चालू, मग मिकलाही विश्रांती नाही.

हल्लीच्या मुली कॅरिओटाइप म्हटलं की विचारतात, "मॅडम, प्रोब आहे ना?" आहे, बाई. मिकचा आहे. पण त्याच पेशीत १४ आणि १८ चीही अदलाबदल होऊन बीसीएल-२ हे जनुक बिथरलं असेल, तर तो 'डबल हिट' लिम्फोमा. उपचारांचा विचार नव्यानं करावा लागतो. बीसीएल-२ चा प्रोब वेगळा, आणि तो लावायचं आधी कुणाला तरी सुचावं लागतं.