खालचा पट्टा

जेलवर अतिनील प्रकाश पडला की मी आधी खालचा पट्टा शोधते. वरचा ठळक असतोच. तो बीसीएल-एक्सएलचा, पेशीला जगवणाऱ्या प्रथिनाचा. खालचा फिकट पट्टा बीसीएल-एक्सएसचा, आणि तो मरणाच्या बाजूचा. जनुक मात्र दोघांचं एकच. आरएनएची जोडणी होताना दुसऱ्या एक्झॉनमधली अलीकडची जागा निवडली गेली, तर १८९ अक्षरं गळतात, २३३ अमिनो आम्लांचं प्रथिन १७० वर येतं आणि त्याचं कामच उलटतं. लांब रूप बॅक्स आणि बॅक या प्रथिनांना मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडू देत नाही. आखूड रूप हा बंदोबस्त मोडतं. मग सायटोक्रोम सी बाहेर पडतं, कॅस्पेस विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःला पद्धतशीर मोडून काढते. अमेरिकेत क्रेग थॉम्प्सन यांच्या गटाने १९९३ मध्ये ही दोन्ही रूपं दाखवून दिली. मला आजही त्याचं नवल वाटतं.

पेशीचा कल कुठे आहे, हे या दोघांच्या प्रमाणावरून बरंचसं कळतं, आणि ते प्रमाण नीट काढणं ही खरी कारागिरी. प्रायमर असे बसवायचे की एकाच नळीत दोन्ही रूपं वाढतील. पण पीसीआरला, म्हणजे या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेला, आखूड तुकडा सोपा जातो. आवर्तनं जास्त झाली की वरच्या पट्ट्याची वाढ थबकते आणि खालचा आहे त्याहून उजळ दिसू लागतो. म्हणून दोन्ही वाढत असतानाच थांबायचं. जेल फिकट आलं तरी चालेल. प्रथिनंच तपासायची तर प्रतिपिंड निवडतानाही डोळे उघडे हवेत. गळालेल्या ६३ आम्लांनाच ओळखणारं प्रतिपिंड घेतलं, तर एक्सएस असूनही दिसणार नाही.

हा काटेकोरपणा रुग्णापर्यंत पोचतो. प्लेटलेट्सना केंद्रक नसतं. सोबत आलेल्या एक्सएलच्या आधारावर त्या साधारण दहा दिवस तग धरतात. नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध कर्करोगाच्या पेशींतलं एक्सएल अडवतं, पण त्यासोबत रुग्णांच्या प्लेटलेट्सही घटल्या. एक्सएलला सोडून त्याच कुळातल्या फक्त बीसीएल-२ या प्रथिनाला धरणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. माझी आशा तिसऱ्या वाटेवर आहे: जोडणीची जागाच बदलून गाठीतल्या पेशीला एक्सएस बनवायला लावायचं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हे साधलं आहे.

या विषयात येणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं: प्रबंधात जेलचा फोटो कापून लावू नका. दोन्ही पट्टे दाखवा आणि किती आवर्तनांवर थांबलात तेही लिहा.